टोपणनावाआडचा संगीतकार

ब्रिटिश लष्करी बँडचे श्रेष्ठ संगीतकार म्हणून ओळखले जाणारे केनेथ आल्फर्ड यांचे खरे नाव फ्रेडरिक जोसेफ रिकेट्स. पूर्व लंडनमध्ये एका कोळसा व्यापाऱ्याच्या घरी २१ फेब्रुवारी १८८१ रोजी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच आई-वडिलांचे छत्र हरपले आणि चौदाव्या वर्षी ते रॉयल आयरिश रेजिमेंटच्या बँडमध्ये दाखल झाले. या रेजिमेंटबरोबर त्यांनी भारतातही सेवा केली. पुढे नेलर हॉल या लष्करी संगीत विद्यालयात शिकून १९०८ मध्ये ते आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स या पलटणीचे बँडमास्टर झाले.

सैन्यातील व्यक्तीने बाहेर व्यावसायिक संगीतरचना करणे त्या काळी प्रशस्त मानले जात नसे. म्हणून थोरल्या मुलाचे नाव आणि आईचे माहेरचे आडनाव जोडून त्यांनी टोपणनाव धारण केले. याच नावाने १९१४ मध्ये ‘कर्नल बोगी’ ही संचलनाची धून प्रसिद्ध झाली. गोल्फच्या मैदानावर एका अधिकाऱ्याने घातलेल्या शीळेच्या दोन स्वरांतून ती सुचली, असे सांगतात. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ त्यांनी ‘द व्हॅनिश्ड आर्मी’ रचली.

१९२७ मध्ये ते रॉयल मरीन्समध्ये गेले आणि १९४४ मध्ये निवृत्त झाले. युरोपातील युद्ध संपल्यानंतर आठवड्याभरातच, १५ मे १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या १९५७ च्या चित्रपटातील युद्धकैद्यांच्या शीळेने त्यांची धून जगभर पोहोचली. रिकेट्स हे नाव मात्र टोपणनावाआडच राहिले.