स्वयंपाकघरातला फुगा

रात्री सीपीआर चौकातून सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स जाते. तुम्ही बाइक कडेला घेता आणि पुढच्या सिग्नलपर्यंत विसरूनही जाता. आत कुणाचे तरी वडील असतात, छाती धरून. हार्ट ॲटॅक असेल तर मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत जाते, तिच्या टोकाचा फुगा फुगतो आणि बंद पडलेली रक्तवाहिनी उघडते. 'अँजिओप्लास्टी केली' हे आपण आता चहा पिता पिता सांगतो. पण हृदयाची रक्तवाहिनी उघडणारा फुगा एका डॉक्टरनं घरच्या स्वयंपाकघरात बसून बनवला होता, हे ठाऊक आहे?

त्याचं नाव अँड्रियास ग्रुन्टझिग. जन्म १९३९चा, जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा. वडील महायुद्धातून परतलेच नाहीत. पोरानं हायडेलबर्गला डॉक्टरकी केली आणि नोकरीसाठी स्वित्झर्लंडमधलं झुरिक गाठलं.

अमेरिकेत चार्ल्स डॉटरनं १९६४मध्ये पायाची तुंबलेली रक्तवाहिनी ऑपरेशनशिवाय उघडली होती. आधी बारीक नळी, मग तिच्यावरून जाड. पण हृदयाच्या नाजूक रक्तवाहिन्यांत जाड नळ्या कशा घालणार? ग्रुन्टझिगला फुगा हवा होता. आता अडचण बघा. टायर फाटला की सायकलची ट्यूब तिथूनच बाहेर येते ना? रबराचा फुगाही तसाच, जिथं अडथळा तिथं दबतो आणि मोकळ्या जागेत फुगतो. ठरलेल्या मापाला थांबणारा, कडक फुगा पाहिजे होता. एका निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापकानं त्याला पीव्हीसीची वाट दाखवली. मग संध्याकाळी बायको आणि एक सहकारी बाई सोबतीला घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर कापणं, तापवणं, चिकटवणं सुरू. आपल्या उद्यमनगरातल्या कुठल्याही मिस्त्रीला हा गडी लगेच आपला वाटला असता.

१९७४मध्ये फुगा पायात चालला. १९७६मध्ये त्यानं अमेरिकेच्या परिषदेत कुत्र्यांवरचे प्रयोग मांडले. बहुतेकांनी शंकाच घेतली. १६ सप्टेंबर १९७७ला झुरिकमध्ये ३८ वर्षांचा रुग्ण टेबलावर होता, पूर्ण शुद्धीत. काही बिघडलंच तर बायपाससाठी सर्जन तयार. फुगा फुगवला, रक्तवाहिनी उघडली.

मला त्याचं यापुढचं वागणं जास्त भारी वाटतं. त्यानं तंत्र लपवलं नाही. जगभरच्या डॉक्टरांना बोलावून पडद्यावर थेट प्रक्रिया दाखवल्या. चुकलं तर सगळ्यांसमोर चुकणार! काही रुग्णांची रक्तवाहिनी तिथंच बंद पडायची, काहींची काही महिन्यांनी पुन्हा आकसायची. तो तेही मांडायचा. १९८०मध्ये तो अमेरिकेत अटलांटाला गेला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी ऐन ॲटॅकमध्येही फुगा वापरायला सुरुवात केली.

ऑक्टोबर १९८५मध्ये खराब हवेत स्वतःचं छोटं विमान चालवताना तो आणि त्याची दुसरी पत्नी दोघंही गेले. वय ४६. डॉटरही त्याच वर्षी गेला होता.

ग्रुन्टझिगला आयुष्यभर एक गोष्ट दिसली नाही, ती म्हणजे रक्तवाहिनीची भिंत. अँजिओग्राफीत रंगद्रव्यानं भरलेल्या पोकळीची सावली दिसते, बस्स. नळ किती रुंद आहे याचा अंदाज येतो, आत गंज कसला चढलाय ते कळत नाही. त्याच्यानंतर नळीच्या टोकावर इवलंसं सोनोग्राफी यंत्र बसलं, त्याला 'आयव्हस' म्हणतात. पुढे प्रकाशानं भिंत टिपणारं 'ओसीटी' आलं. ॲटॅकच्या रुग्णात गुठळी नेमकी कशामुळे झाली, स्टेंट किती मापाचा हवा, हे त्यातून बरंच स्पष्ट होतं. २०२५च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत अशा रुग्णांच्या गुंतागुंतीच्या ठिकाणी स्टेंट बसवताना ही आतली तपासणी करायला सांगितलंय. पण ही नळी महाग आहे, वेळही थोडा जातो, म्हणून सगळीकडे ती वापरली जातेच असं नाही.

वापरली, तर काय होतं? सावलीच्या चित्रात सगळं झकास दिसतं. रक्त वाहतंय, छातीतली कळ थांबलीय, बाहेर नातेवाइकांनी फोन लावायला सुरुवातही केलीय. आत दुसऱ्या पडद्यावर मात्र स्टेंटची एक बाजू भिंतीला चिकटलेलीच नाही. तिथं पुन्हा गुठळी धरू शकते. डॉक्टर मॉनिटरकडे बघतात आणि मोठ्या मापाचा फुगा मागतात.