मोझेस मेंडेल्सोन व बर्लिनचीं पोरें

अठराव्या शतकांतील जर्मन तत्त्वज्ञानी मोझेस मेंडेल्सोन ह्याचा जन्म इ. स. १७२९ मध्यें डेसाऊ गांवीं एका गरीब यहुदी कुटुंबांत झाला. बाप धर्मशास्त्राच्या प्रती हातानें लिहून पोट भरी. मुलगा अंगानें अशक्त, पाठीला कुबड. तरी चौदाव्या वर्षीं तो आपल्या गुरूच्या मागोमाग बर्लिनला गेला. पुढें एका रेशमाच्या कारखानदाराकडे तो मुलांचा शिक्षक, मग हिशेबनीस व अखेरीस भागीदार झाला. दिवसा हिशेब व रात्रीं ग्रंथ, असा त्याचा क्रम असे. इ. स. १७६३ मध्यें बर्लिनच्या विद्वत्सभेचें निबंधाचें पहिलें बक्षीस त्यास मिळालें. त्या वेळीं दुसरा क्रमांक कांटचा होता, हें आमच्या तत्त्वज्ञानप्रेमी पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

अशा ह्या पुरुषास सायंकाळीं बायकोमुलांसह फिरावयास जाणें कठीण होई. रस्त्यावरचीं पोरें मागें लागत, यहुदी यहुदी म्हणून ओरडत, आणि दगड मारीत. आपण ह्यांचें काय वाईट केलें, असें त्याचीं लेंकरें त्यास विचारीत. तो खालीं मान घालून उसासा टाकी. हें त्यानेंच इ. स. १७८० मध्यें एका तरुण ख्रिस्ती संन्याशास पत्रानें कळविलें.

ह्या पोरांना द्वेष शिकविला कोणीं? आमच्या मतें, तो शिकविण्यास कोणी मुद्दाम बसला नव्हता. राज्याच्या कायद्यानें यहुद्यांवर निराळे कर बसविले होते. बर्लिनमध्यें किती यहुदी कुटुंबांनीं राहावें, हेंही ठरलेलें असे. जें सरकारदरबारीं चाले तें पोरांना गैर कां वाटावें? विद्वानांची गोष्टही फारशी निराळी नव्हती. मेंडेल्सोनचा जिवलग मित्र लेसिंग, एका ख्रिस्ती पाळकाचा पुत्र, ह्यानें एका नाटकांत सज्जन यहुदी प्रवासी रंगविला. तें इ. स. १७५४ मध्यें प्रसिद्ध होतांच गॉटिंगेनचा नामांकित प्राध्यापक मिखाएलिस ह्यानें, असा सज्जन यहुद्यांत असणें संभवत नाहीं, असा आक्षेप घेतला. प्राध्यापकाची ही मति, मग गल्लींतल्या पोरांना काय बोल लावावा! मेंडेल्सोनला ह्या आक्षेपाचा फार संताप आला. दगडांहून तोच त्यास अधिक लागला असावा, असें आम्हांस वाटतें.

मेंडेल्सोन इ. स. १७८६ मध्यें वारला. त्याच्या मित्रमंडळींनीं इ. स. १७७८ मध्यें बर्लिनांत गरीब यहुदी मुलांसाठीं मोफत शाळा काढली होती. इ. स. १८०६ च्या सुमारास तींत ख्रिस्ती मुलेंही येऊं लागलीं, आणि ज्या शहरांत दगड उचलले जात तेथें दोघे एका बांकावर बसून एकच धडा गिरवूं लागले. इ. स. १८१९ मध्यें सरकारनें हुकूम काढून ख्रिस्ती मुलांना त्या शाळेंत जाण्याची मनाई केली.