मुंबईसाठी मंत्रिपद सोडणारे रायगडचे सी. डी. देशमुख कोण होते?

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर कोण? स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना उत्तर पाठ असते : चिंतामण द्वारकानाथ ऊर्फ सी. डी. देशमुख. पण त्यांची ओळख तेवढीच नाही.

जन्म आणि शिक्षण
१४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावात त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकला पहिले येऊन त्यांनी संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली. १९१८ मध्ये लंडनला आयसीएस परीक्षेतही ते पहिले आले.

मुंबईतून देशाचा कारभार
१९४३ ते १९४९ या काळात त्यांनी मुंबईत रिझर्व्ह बँकेची धुरा सांभाळली. महायुद्ध, फाळणी आणि बँकेचे राष्ट्रीयीकरण हे सारे याच काळातले. १९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले. १९५२ ला कुलाबा, म्हणजे आजच्या रायगडमधून लोकसभेवर निवडून गेले.

राजीनामा का दिला?
१९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याचे ठरले. आंदोलकांवर गोळीबार झाला, माणसे मेली. देशमुखांनी न्यायालयीन चौकशी मागितली. ती झाली नाही. त्यांनी थेट अर्थमंत्रिपद सोडले. ते रस्त्यावरचे पुढारी नव्हते, मुरलेले प्रशासक होते. म्हणूनच त्यांच्या राजीनाम्याने दिल्लीला हादरा बसला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला वजन आले.

पुढे काय?
त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोग आणि दिल्ली विद्यापीठाची जबाबदारी सांभाळली. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबई मात्र १ मे १९६० रोजीच महाराष्ट्राची राजधानी झाली होती.