बेडकाचा पाय आणि बोलोन्याचे डॉक्टर

हाताला मुंग्या येतात, पकड सैल झाली आहे, अशी तक्रार असली की आम्ही रुग्णाला मज्जातंतूंचा वेग मोजणाऱ्या तपासणीसाठी पाठवतो. तंत्रज्ञ मनगटाजवळ विजेचा छोटासा झटका देतो आणि अंगठा टुणकन उडतो. रुग्ण दचकतो आणि मी तो हलवलाच नाही म्हणून सांगतो. खरेच असते ते. जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या बोलोन्या शहरात असाच एक पाय उडाला होता. तो मेलेल्या बेडकाचा होता.

ते पाहणारे लुइजी गॅल्व्हानी पेशाने आमच्यासारखेच डॉक्टर. जन्म १७३७ चा, बोलोन्यातलाच. १७५९ मध्ये पदवी घेऊन त्यांनी रुग्ण पाहिले, प्रसूतिशास्त्र आणि शरीररचनाशास्त्र शिकवले. गुरू गालेआत्सी यांची मुलगी लुचिया हिच्याशी त्यांचे लग्न झाले आणि ती प्रयोगांतही त्यांची सोबतीण झाली. आजारी लुचियासाठी सूप करायला बेडूक आणले होते आणि त्यातून शोध लागला, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, पण दंतकथाच. गॅल्व्हानी बेडकांचे स्नायू आणि मज्जातंतू आधीपासूनच अभ्यासत होते.

त्या काळी मज्जातंतू म्हणजे पोकळ नळ्या आणि त्यांतून एक सूक्ष्म रस वाहतो, असा समज होता. १७८१ च्या सुमारास गॅल्व्हानींच्या टेबलावर सोललेल्या बेडकाचे पाय होते, थोड्या अंतरावर ठिणग्या पाडणारे विजेचे यंत्र. एका सहायकाची सुरी बेडकाच्या मज्जातंतूला लागली आणि पाय आखडले. यंत्रातून ठिणगी निघाली त्याच क्षणी हे झाले, हे दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात आले. गॅल्व्हानी यांनी पुढची दहा वर्षे त्यामागे घालवली. आकाशातल्या विजेवर प्रयोग झाले. मग १७८६ मध्ये, निरभ्र दिवशी, पितळी आकड्याला अडकवलेले बेडूक लोखंडी कठड्याला टांगलेले असताना आकडा कठड्यावर दाबला आणि पाय झटकले. ढग नाहीत, यंत्र नाही. मग वीज आली कुठून?

बेडकाच्याच अंगातून, असे त्यांचे उत्तर. १७९१ मध्ये लॅटिनमध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. ते पाहायला लुचिया राहिली नव्हती. त्यांची कल्पना अशी: त्या काळी वीज साठवायला लायडन बरणी वापरत, तिच्या काचेच्या आत एक विद्युतभार आणि बाहेर उलटा. स्नायू हीसुद्धा तशीच बरणी, आणि मज्जातंतू ही तिची तार.

पाव्हियाचे भौतिकशास्त्रज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी आधी वाहवा केली, मग शंका काढली. कठडा लोखंडी, आकडा पितळी. दोन वेगळे धातू ओलसर मांसाला टेकले की वीज तयार होते. बेडूक ती नुसती दाखवतो. कठड्यापुरते व्होल्टांचे म्हणणे बरोबरच होते.

यावर गॅल्व्हानी यांनी भांडण केले नाही, प्रयोग केले. १७९४ मध्ये धातू वगळून, मज्जातंतूचे कापलेले टोक थेट स्नायूला टेकवून पाय हलवून दाखवला. १७९७ मध्ये एका पायाचा मज्जातंतू दुसऱ्या पायाच्या मज्जातंतूला टेकवला, जखमेचा भाग आणि अखंड भाग दोन्हींना स्पर्श होईल असा. पाय हलला. माझ्या मते वाद इथेच संपायला हवा होता. पण लाजाळू माणसाचा पुरावा गर्दीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. त्यांची बाजू जाहीरपणे लढवली ती भाचा आल्दिनीने.

तोवर उत्तर इटलीवर नेपोलियनचे राज्य आले होते. १७९८ मध्ये प्राध्यापकांना नव्या प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ घ्यायला सांगितले गेले. गॅल्व्हानी धर्मनिष्ठ होते; शपथ त्यांच्या सदसद्विवेकात बसेना. त्यांनी नकार दिला, नोकरी गेली, पगार गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते वारले. बोलोन्याच्या एका चर्चमध्ये लुचियाजवळच त्यांची समाधी आहे. १८०० मध्ये व्होल्टांनी जगाला पहिली बॅटरी दिली, आणि बेडकाच्या विजेचा विषय बराच काळ मागे पडला.

खरे काय निघाले? मज्जापेशीच्या पातळ आवरणाच्या आत पोटॅशियम जास्त असते, बाहेर सोडियम. विश्रांतीत पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असतो. म्हणजे बरणी होतीच, फक्त स्नायूएवढी नव्हे, पेशीएवढी! चेतना मिळाली की आवरणातली सूक्ष्म दारे उघडतात, सोडियम आत घुसते, क्षणभर आतला भाग धन होतो. लगेच पोटॅशियम बाहेर पडते आणि पहिली स्थिती येते. साधारण एक मिलिसेकंदाचा हा खेळ शेजारच्या भागाला जागवतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि आवेग पुढे जातो. मज्जातंतू ही साधी तार नाही, हे गॅल्व्हानींच्या चित्रात नव्हते. तारेत वीज दूरवर जाताना मंदावते, इथे ती वाटेत पावलोपावली नव्याने तयार होते. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी माकुळाच्या जाड मज्जातंतूवर काम करून १९५२ मध्ये हे गणितासह मांडले.

आमच्या तपासणीत झटका यंत्राचा असतो, पण त्यानंतर अंगठ्यापर्यंत धावणारा आवेग रुग्णाचा स्वतःचा असतो. निरोगी हातात त्याचा वेग सेकंदाला साधारण ५० ते ६० मीटर. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात ज्या आजाराचे रुग्ण वाढले, त्या जीबीएसच्या नेहमीच्या प्रकारात मज्जातंतूंवरचे आवरण झडते, आवेग रेंगाळतो, कधी वाटेतच थांबतो. पडद्यावरची लाट बुटकी होते, उशिरा येते. काही महिन्यांनी तोच रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत येतो, तेव्हा आम्ही पुन्हा मनगटावर झटका देतो आणि अंगठ्याकडे पाहतो.