प्लेगची लस काढणारे हाफकिन



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी एकेकाला एकेक थोर व्यक्ती वाटून दिली. शिवाजी महाराज, सावित्रीबाई, बाबासाहेब आधीच दुसऱ्यांनी घेतले. माझ्या वाट्याला हाफकिन आले. हे नाव मी कधी ऐकलं पण नव्हतं, म्हणून मला थोडा राग आला होता. पण वाचल्यावर ते मला लई आवडले.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा या शहरात झाला. हे शहर तेव्हा रशियाच्या राज्यात होते, आता ते युक्रेन देशात आहे. त्यांचे घराणे ज्यू धर्माचे होते. ते अभ्यासात हुशार होते. मेचनिकॉफ नावाचे मोठे शास्त्रज्ञ त्यांचे गुरुजी होते. धर्म बदलला असता तर त्यांना विद्यापीठात चांगली नोकरी मिळाली असती, पण त्यांनी धर्म बदलला नाही. मग ते देश सोडून गेले आणि १८८९ साली पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत लागले. पाश्चर म्हणजे पिसाळलेला कुत्रा चावल्यावरची लस काढणारे. तिथं हाफकिन यांना काम कसलं मिळालं, तर ग्रंथालयात मदतनिसाचं. एवढा शिकलेला माणूस पुस्तकं लावायचा! उरलेल्या वेळात ते जंतूंवर प्रयोग करायचे.

त्या वेळी पटकीने म्हणजे कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती. हाफकिन यांनी पटकीवर लस तयार केली. लस म्हणजे काय ते गुरुजींनी सांगितलं. रोगाचे जंतू दुबळे करून किंवा मारून थोडेसे अंगात सोडायचे. मग शरीराला त्यांची ओळख पटते आणि खरे जंतू आले की शरीर त्यांच्याशी लढतं. पण ही लस आधी कोणाला टोचायची? हाफकिन यांनी १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, पण ते वाचले.

१८९३ साली ते भारतात कलकत्त्याला आले. तिथल्या वस्त्यांमध्ये लोक त्यांना घाबरले, दगड पण मारले. तेव्हा त्यांनी लोकांच्या देखत स्वतःला टोचून घेतलं, मग लोक पुढं आले. दोन-अडीच वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनी लस टोचली.

१८९६ साली मुंबईला मांडवी भागात प्लेग सुरू झाला. काखेत नाही तर जांघेत गाठ यायची, जोराचा ताप यायचा आणि माणूस काही दिवसांत जायचा. लोक गावाकडं पळाले आणि रोगही सगळीकडं पसरला. पुण्यात प्लेगच्या आजाऱ्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत भारतात या रोगाने सुमारे एक कोटी माणसे मेली. माझी आजी त्याला पिलेग म्हणते. तिची आजी तिला सांगायची की घरात उंदीर मरून पडला की सगळे लोक गाव सोडून रानात खोपी घालून राहायचे.

सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई, बस्स. त्यांनी लस कशी केली ते वाचून मला मजा वाटली. जंतू वाढवायला मांसाचा रस लागतो. गाईचं किंवा डुकराचं मांस आपल्या लोकांना चालणार नाही, म्हणून त्यांनी बकऱ्याचं घेतलं. त्या रसावर चक्क तुपाचे थेंब सोडले. तुपाला धरून जंतू खाली वाढायचे, आमच्या गोठ्याच्या आढ्याला जळमटं लोंबतात तसे. बाटली हलवली की ते खाली पडायचे आणि परत नवे लोंबायचे. असे पुष्कळ जंतू झाले की ते तापवून मारायचे, झाली लस. हे काम फार जोखमीचं होतं. एक जंतू जरी अंगात गेला असता तरी संपलं असतं. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, तरी ते कामावर गेले. मग भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी तयार झाले त्यांना टोचली. आगाखान यांनीही लोकांसमोर टोचून घेतली. ते बघून हजारो लोक आले.

प्लेग कशाने पसरतो हे तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. १८९८ साली सायमंड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने शोधलं की उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावते आणि जंतू देते. उंदीर मेला की पिसवा माणसाकडं येतात. गुरुजींनी अजून एक गंमत सांगितली. आमच्या शाळेचा रांजण घासला नाही तर आतून बुळबुळीत होतो ना, तो जंतूंनी मिळून केलेला थर असतो. त्याला बायोफिल्म म्हणतात. सकाळी दातांवर पण तसाच थर येतो. प्लेगचे जंतू पिसवेच्या घशापाशी असाच चिकट गोळा करतात. मग रक्त तिच्या पोटात जातच नाही. ती उपाशी राहते, म्हणून सारखी चावत सुटते, आणि चावताना जंतू आपल्या अंगात ओकते. मला पिसवेची दया पण आली आणि किळस पण आली.

आपल्याकडं ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतर १९९४ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावी प्लेग दिसला. पडक्या घरांत धान्य राहिलं आणि उंदीर वाढले, असं त्याचं कारण सांगतात. तोपर्यंत चांगली औषधं निघाली होती, म्हणून पूर्वीसारखं झालं नाही.

आता वाईट गोष्ट लिहिते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मुलकोवाल गावी १०७ लोकांना प्लेगची लस टोचली. हे गाव आता पाकिस्तानात आहे. त्यातल्या १९ लोकांना नंतर धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. एकोणीस घरं रडली असतील. त्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस टोचलेली होती, बाकीच्यांना काही झालं नाही. चौकशी बसली. लस मुंबईच्या प्रयोगशाळेतच बिघडली असं ठरवून हाफकिन यांना दोषी धरलं आणि कामावरून दूर केलं. ज्या माणसाने स्वतःच्या अंगात जंतू घेतले त्यालाच लोक नावं ठेवू लागले.

खरं काय झालं ते नंतर कळलं. बाटली उघडायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो त्याने उकळून न घेता तसाच वापरला. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. म्हणजे हाफकिन यांची चूक नव्हती. पण हे सिद्ध व्हायला पाच वर्षं गेली. मलेरिया कसा पसरतो याचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस आणि दुसरे नऊ शास्त्रज्ञ यांनी १९०७ साली लंडनच्या वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, तेव्हा कुठं सरकारने त्यांना निर्दोष ठरवलं. ते परत भारतात आले, पण मुंबईला नाही, कलकत्त्याला. मला वाटतं त्यांना मुंबईलाच पाठवायला पाहिजे होतं.

आपल्याला दहा वर्षं झाली की टीडीचं इंजेक्शन देतात ते धनुर्वातासाठी पण असतं. मागच्या वेळी सिस्टरबाई आल्या तेव्हा दोन मुलं मागच्या दारानं पळाली होती. मी नाव लिहीत नाही. सिस्टरबाई प्रत्येकाला नवी सुई फोडून घेत होत्या, ते मी बघितलं. तेव्हा मला त्याचं कारण ठाऊक नव्हतं.

हाफकिन यांनी लग्न केलं नाही. म्हातारपणी ते युरोपात राहिले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान या गावी ते वारले. परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा गेली होती. १९२५ साली, ते जिवंत असतानाच, तिला हाफकिन संस्था असं नाव दिलं. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या चित्राचं पोस्टाचं तिकीट काढलं. पोलिओचे डोस आणि साप चावल्यावर द्यायचं औषधसुद्धा हाफकिनच्या नावाने तयार झालं आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकांना सोयाबीनच्या रानात साप चावला होता. त्यांना दवाखान्यात नेऊन सापाच्या विषावरचं औषध दिलं आणि ते वाचले. बाटलीवर कोणाचं नाव होतं ते मी विचारलं, पण काकांनी बघितलंच नव्हतं.

इयत्ता ४ थी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा