ग्रेस हॉपर : कंपायलरचा ताळा घेणाऱ्या नौदल अधिकारी

९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ संगणकाच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. ही गोष्ट अनेकदा ग्रेस हॉपर यांच्या नावावर सांगितली जाते. प्रत्यक्षात तो पतंग त्यांनी शोधला नव्हता आणि यंत्रातील दोषाला 'बग' म्हणण्याची पद्धतही त्याहून जुनी होती. त्यांचे खरे काम वेगळेच होते.

हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून त्यांनी गणितात पीएच.डी. मिळवली. दुसऱ्या महायुद्धात त्या अमेरिकी नौदलात दाखल झाल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डच्या मार्क-१ संगणकावर काम करू लागल्या.

तेथे प्रोग्रामचे तपासलेले भाग वहीत लिहून ठेवत आणि गरजेप्रमाणे हाताने उतरवून घेत. उतरवताना अक्षरे आकड्यांसारखी वाचली जात, बेरजा चुकत. नक्कल आणि बेरीज ही यंत्राची कामे माणसाने का करावीत, असा प्रश्न हॉपर यांना पडला. त्यातून १९५२ मध्ये युनिव्हॅकसाठी 'ए-०' तयार झाला. तपासलेले भाग फितीवर साठवलेले असत. त्यांचे क्रमांक दिले की यंत्रच ते जोडून प्रोग्राम बनवी.

मात्र त्यामुळे माणसाने लिहिलेला प्रोग्राम आणि यंत्रावर चालणारा प्रोग्राम यांत अंतर पडले. हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक भाषेचा मोठा प्रभाव असलेली कोबोल भाषा १९५९ पासून आकाराला आली. पुढे वेगवेगळ्या कंपन्यांचे कोबोल कंपायलर एकमेकांशी जुळेनात. उत्तर चुकले तर दोष प्रोग्रामचा की कंपायलरचा, हे कसे ठरवायचे?

१९६६ मध्ये निवृत्त झालेल्या हॉपर यांना नौदलाने १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावले. त्यांच्या गटाने कंपायलर तपासणारे प्रोग्राम तयार केले. ते कंपायलरला द्यायचे आणि निकाल भाषेच्या मानकाशी ताडून पाहायचा, अशी ही पद्धत होती. सहा महिन्यांची ही सेवा लांबत गेली. १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

आजचे कंपायलर, सांगितल्यास, यंत्रभाषेतील प्रत्येक सूचना मूळ प्रोग्रामच्या कोणत्या ओळीतून आली याची नोंद ठेवतात. त्या नोंदीवरून डीबगर चूक नेमक्या ओळीपर्यंत माग काढत नेतो. ही नोंद चुकली, तर प्रोग्रामर भलत्याच ओळीत दोष शोधत बसतो. म्हणून साधन जुने झाले तरी त्याची तपासणी थांबवून चालत नाही.