भारताचा पहिला सिनेमा अंधारात धुणाऱ्या सरस्वतीबाई फाळके

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून परतले. सिनेमा काढायचा हे पक्कं होतं, पण फिल्म धुणार कोण? हे काम शिकल्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. १९०२ मध्ये लग्न होऊन आलेल्या, घरसंसार सांभाळणाऱ्या.

तेव्हा कच्च्या फिल्मला कडेची भोकंसुद्धा नसायची. ती घरीच पाडावी लागत, तीही अंधारात. उजेडाची एक तिरीप आत आली तरी फिल्म वाया! भोकं सरळ रेषेत नसतील तर पडद्यावर चित्र थरथरणार. चित्रीकरण झालं की पुन्हा अंधार. आधी चित्र उमटवणारं रसायन, मग ते टिकवणारं, मग भरपूर पाण्यानं धुणं आणि वाळवणं. रसायनात फिल्म जास्त वेळ राहिली तर काळपट, कमी वेळ राहिली तर फिकी.

सरस्वतीबाई हे सगळं करून करून शिकल्या. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, रात्री फिल्मचं काम. पैसे कमी पडले तेव्हा अंगावरचे दागिनेही दिले. तारामतीची भूमिका मात्र त्यांनी नाकारली. आधीच हात भरलेले होते. शेवटी ती भूमिका अण्णा साळुंके यांनी केली.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. सरस्वतीबाई पडद्यावर कुठेच नव्हत्या, पण त्यांच्या हाताखालून गेलेली फिल्म मुंबईनं डोळे भरून पाहिली.